अकरा शाली आणि एक नळ

एपीएमसी मार्केटमध्ये न खपलेली चांगली भाजी आम्ही पाच बायका कामोठ्याला आणतो, निवडून धुतो आणि बांधकाम मजुरांच्या वस्तीत वाटतो. त्यासाठी सोसायटीच्या आवारात एक नळ हवा होता. कमिटी म्हणाली, सरकारी परवानगी आणा. सरकारी ऑफिसात सांगितलं, असल्या कामासाठी फॉर्मच नाही.

आमचा सत्कार करायला मात्र कुणाला फॉर्म लागला नाही. माझ्या कपाटात अकरा शाली जमल्या. शेवटच्या सत्कारात मी स्टेजवरूनच नळ मागितला, तेव्हा पाहुण्यांनी हसत माझ्या हातातला माईक काढून घेतला.

आता त्याच शाली भिजवून आम्ही भाजीवर घालतो. भिजवायचं पाणी अजूनही माझ्या चौथ्या मजल्यावरच्या घरातून बादल्यांनी खाली नेतो.