पाठ फिरवता न आलेली माणसं

अंडेवाली काकू बोलायला लागली की बोळाच्या दुसऱ्या टोकाचं कुत्रं उठून बसतं. आवाजच तसा. हात मात्र सायीचे. तिचं घाऊक अंड्यांचं दुकान. भिंतीला छतापर्यंत ट्रे रचलेले, मधे माणूस तिरका होऊन जाईल एवढीच वाट. अंडं दिव्यासमोर धरायचं, आत डाग आहे का बघायचं आणि ट्रेमध्ये ठेवायचं, दिवसभर हेच काम. कुणी जोरात दार लावलं तरी ती दोन्ही हातांनी ट्रे धरते. आणि अशा बाईला नाद लागला ड्रॅग रेसचा!

ही रेस म्हणजे काय, तर गावाबाहेर विमानांची एक जुनी, बंद पडलेली धावपट्टी आहे. तिच्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि दिवा हिरवा झाला की नाकासमोर सुटायचं. वळण नाही, वळसा नाही. मधे शिंक आली तर शर्यत हुकली म्हणायची. आवाज मात्र असा, की बरगड्यांना कुणी आतून धरून हलवतंय.

काकू तिथे पहिल्यांदा गेली ती कँटीनला अंडी पोचवायला. तेवढ्यात गाड्या सुटल्या. हातातले ट्रे थडथडले, तिने ते होते तिथे जमिनीवर ठेवले आणि कठड्याला जाऊन चिकटली. कँटीनवाला मागून बोंबलत होता, "अहो काकू, माझी अंडी!" ती म्हणाली, "तिथंच आहेत, पळून जात नाहीत." तेव्हापासून एक शर्यत चुकवली नाही.

नवरा घड्याळजी, दुकानाच्याच कोपऱ्यात बसून घड्याळं दुरुस्त करतो. त्याला भांडं पडलेलं खपत नाही.

"शिंकेएवढ्या शर्यतीसाठी अख्खा दिवस उन्हात बसायचं?" तो विचारी.

"तुम्ही केसाएवढ्या काट्यासाठी अख्खा दिवस वाकता, ते?"

तो कानात कापूस घालून कामाला लागे.

खरं सांगायचं तर काकूचा जीव शर्यतीपेक्षा मागच्या आवारात जास्त. या खेळात जुनी रीत आहे: तिकीट काढलं की आवार मोकळं. गाडी धावून आली की तिथे उभी राहते, मेकॅनिक तिचं पोट फाडून बसतात आणि बघणारे भोवती कोंडाळं करतात. विचारलं तर सांगतात, पाना हातात दिला तर धरायचा. टॅक्सीवाला, निवृत्त नर्सबाई, शाळेतले मास्तर, सगळी मंडळी काकूला तिथेच भेटली. "सासर अंड्यांत, माहेर आवारात," असं ती म्हणायची. ज्या बाईला आयुष्यभर 'हळू, हळू' ऐकायला लागलं, तिला तिथे कुणी 'हळू बोल' म्हणत नव्हतं. बोलून कुणाला ऐकू गेलं असतं?

तर खेळ चालवणाऱ्या मंडळाने ठरवलं की आवाराला जाळी लावायची. आत फक्त पाहुणे आणि जाहिरातवाले. बघणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. विचारणार कसं? मंडळात गाड्यांचे मालक होते, ड्रायव्हर होते, जाहिरातवाल्यांचा माणूस होता. कठड्यावरचं कुणीच नव्हतं.

त्याच संध्याकाळी दुकानात बैठक भरली. टॅक्सीवाला ट्रेकडे बघत म्हणाला, "काकू, दारूगोळा तर घरचाच आहे. अध्यक्षाच्या टकलावर एक नेम बसू द्या."

"माझा माल खायचा आहे, फेकायचा नाही. आणि हात लावशील तर विकत घेऊन जावं लागेल."

"मग जाळी लावली की कापू," नर्सबाई म्हणाल्या. आयुष्यभर लोकांना सुया टोचलेली बाई; त्यांना काहीतरी टोचल्याशिवाय चैन नाही.

काकू म्हणाली, "कापली तर दुसरी लावतील. जाळी हे फळ आहे. मूळ तिकडे मंडळाच्या टेबलाशी आहे. तिथे आपलं एक माणूस बसलं पाहिजे."

मग मास्तरांनी तोड काढली. पुढच्या शर्यतीला सगळ्यांनी कठड्यावर यायचं आणि गाड्या सुटताना पाठ फिरवून उभं राहायचं. सगळ्या पाठीच पाठी दिसल्या की मंडळाला घाम फुटेल. सगळ्यांना पटलं. हे आपल्याला जमेल का, अशी तिथल्या एकालाही शंका आली नाही, ही त्या लोकांची गंमत.

शर्यतीचा दिवस आला. कठडा भरला. खूण झाली तशी सगळ्यांनी पाठी फिरवल्या. निवेदक माइकवर गप्प झाला. अध्यक्ष खुर्चीतून उठले. दोन क्षण असं वाटलं, की जमलं!

मग गाड्यांनी जागच्या जागी चाकं फिरवून टायर तापवायला सुरुवात केली. रबराचा वास आला. नर्सबाईंनी पर्समधून आरसा काढला आणि उगाच कपाळ बघायला लागल्या. टॅक्सीवाला बुटाची नाडी बांधायला वाकला आणि पायांमधून उलटा बघत राहिला. त्याच्या बुटाला नाडीच नव्हती. मास्तरांची मान आपोआप वळत होती आणि ते हाताने ती परत जागेवर आणत होते. इंजिनांचा सूर चढला, दिवा हिरवा झाला, आणि अख्खा कठडा एका अंगाने फिरला. सगळ्यात आधी काकू.

वर ओरडली, "डावी! डावी गेली!"

निवेदक माइकवर हसला, आणि ते हसू अख्ख्या धावपट्टीभर वाजलं. घरी घड्याळजीने विचारलं, "फिरवली का पाठ?" काकू म्हणाली, "मुंडी पिरगाळीन एखाद्याची," आणि जेवायला बसली.

पण तिने आधीच मागितली म्हणून मंडळाने भेटीची वेळ दिलेली होती, ती तिने सोडली नाही. मंडळाचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. लांब टेबल, भिंतीवर ढाली, एका खुर्चीचा पाय पुठ्ठा लावून सरळ केलेला. तीच खुर्ची काकूला मिळाली. अध्यक्ष पूर्वी स्वतः गाडी पळवायचे. आता पोट स्टिअरिंगखाली मावत नाही म्हणून मंडळ पळवतात.

तिला बघताच ते खोखो हसले. "काकू, तुम्हाला धड पाठसुद्धा फिरवता येत नाही, आणि मंडळात बसायचंय?"

काकू डुगडुगत बसली होती. तिने टेबलाचा आधार घेतला.

"नाही येत. खरंच येत नाही," ती म्हणाली. "मी रागावूनच आले होते, तरी नाही आलं. आता मला सांगा, मागचा जाहिरातवाला कुठे आहे?"

"सोडून गेला."

"लाल गाडीचा ड्रायव्हर?"

"त्याला दुसऱ्या ट्रॅकवर बरं दिसलं."

"दोघांना मत होतं. ज्यांना उठून जाता येतं त्यांना तुम्ही खुर्ची देता. आम्हाला जाताच येत नाही, ते तर तुम्ही परवा डोळ्यांनी बघितलंत. वाईट दिवस आले तर इथे कोण उरणार? मग विचारायचं कुणाला?"

आवाज तिचाच, त्यामुळे खाली टायरच्या दुकानात हातोडी थांबली.

अध्यक्ष हसायचे थांबले. टेबलाच्या कडेला दिवे लावणारा म्हातारा बसला होता. हिरवा दिवा वर्षानुवर्षं त्याच्याच हातात. तो म्हणाला, "परवा मी दिव्याकडे नाही, कठड्याकडे बघत होतो. ती माणसं वळली नसती ना, तर मला भीती वाटली असती."

तासभर रणकंदन झालं. शेवटी ठरलं ते असं: या हंगामभर काकूने बैठकीला बसायचं, बोलायचं, मत मात्र नाही. मताचं हंगाम संपल्यावर बघू. जाळी तोवर लावायची नाही.

"अर्धीच भाकर," मास्तर म्हणाले.

"चूल तर पेटली," काकू म्हणाली.

पहिल्याच बैठकीत मेकॅनिकांनी तक्रार मांडली. तापलेल्या नळ्यांना लोक हात लावतात, एका पोराचा तळवा भाजला होता. काकूला ते ठाऊक होतं. तिने स्वतः त्या हातावर पाणी ओतलं होतं. ती म्हणाली, "जाळी नको. गाडीभोवती हातभर अंतरावर दोर बांधा. दोराच्या आत मेकॅनिक बोलावेल तोच." मंडळाने ते मान्य केलं.

कठड्यावर बातमी पोचली आणि आपलीच माणसं उसळली. टॅक्सीवाला दुकानात येऊन म्हणाला, "आमच्यासाठी गेलात आणि आम्हालाच दावं बांधून आलात? लगेच त्यांच्या झालात की काकू!"

काकूने हातातलं अंडं दिव्यासमोर धरलं, बघितलं, ट्रेमध्ये ठेवलं.

"त्या पोराच्या आईला सांग दोर नको म्हणून. सांगतोस?"

तो म्हणाला, "निदान आधी विचारायचं तरी होतंत आम्हाला."

हे मात्र काकूला लागलं. हाच तर तिचा मंडळावरचा राग होता. ती थोडा वेळ काही बोलली नाही, तेव्हा घड्याळजीने कानातला कापूस काढून बघितलं, काय झालं म्हणून.

"चुकलं," काकू म्हणाली. "पुढच्या बैठकीआधी सगळे इथे या. काय शिव्या द्यायच्या त्या तेव्हा द्या, मी त्याच तिकडे जाऊन देईन. दोर कुणाला नको असेल त्याने ते पण सांगावं."

"सगळे? इथे मावणार कुठे?"

काकूने दुकानभर नजर फिरवली, आणि मधल्या वाटेच्या कडेचे ट्रे उचलून भिंतीकडे सरकवायला लागली. "बघतोस काय? धर दुसऱ्या बाजूने," ती म्हणाली. "आणि हळू."