शेवंताची चाप्टर केस

“हे गुंडांचं कलम आहे, बाई. नवरा-बायकोचं नाही.”

साहेबांनी माझा अर्ज टेबलावरून माझ्याकडे परत सरकवला आणि चपराशाला हाक मारून चहा मागवला. स्वतःपुरता. मी उभीच होते. मे महिना, अंगावर काळा कोट, आणि खिडकीला लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणारा माणूस नेमका जेवायला गेलेला.

“कलमात गुंड हा शब्द नाही, सर. ‘कोणतीही व्यक्ती’ असं आहे. नवरा ही व्यक्तीच असते.”

हसावं की हाकलून द्यावं, हे साहेबांचं काही ठरेना. शेवटी म्हणाले, “ठेवा. नोटीस काढतो. पण टिकणार नाही, सांगून ठेवतो.”

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नागपूरच्या बारमध्ये आम्ही बायका इतक्या थोड्या होतो की एखादीला ताप आला तरी साऱ्या कोर्टाला कळायचं. अशील मला ‘वकीलबाई’ म्हणत, कारकून ‘मॅडम’ म्हणत आणि सीनियर मंडळी ‘बेटा’ म्हणत. मी तिन्हींना ओ देत असे. आवारातल्या कडुनिंबाखाली टायपिस्टांची रांग, टपरीवरचे तर्री-पोहे, सायकलरिक्षात मांडीवर फायलींचा ढीग घेऊन केलेली धावपळ... आजही ते दिवस आठवले की मन हलकं होतं. मिळकत यथातथाच होती, पण उमेद दांडगी होती. त्या उमेदीतच मी शेवंताची केस घेतली.

शेवंता महाल भागाच्या अंगाला असलेल्या कोष्ट्यांच्या गल्लीत राहायची. नवरा वामन हातमागावर लुगडी विणायचा. ती त्याच्यासाठी कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. तो दारू पिऊन पडला की स्वतः मागावर बसायची. माझ्यासमोर आली तेव्हा तिचा अंगठा सुजलेला होता आणि कपाळावर एक जुनी खूण होती.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. “घटस्फोट हवाय का?”

“नाई जी.”

“मग वेगळी राहा. पोटगी मागू या.”

“वेगळी कुठं राहू? कळमेश्वरले भाऊ हाय. त्याच्या घरी जाऊन जलमभर भावजयीच्या हाताखाली राहू का? हे घर माह्याबी मेहनतीचं हाय. माग माहाबी हाय.”

“मग पोलिसात तक्रार दे.”

“गेलती. त्यायनं त्याले बोलावलं, दोन ठेवून देल्ल्या अन् सोडून देल्लं. घरी येऊन त्यानं मले चार ठेवून देल्ल्या.”

मी वैतागले. “मग तुला हवंय तरी काय?”

“मले मार नाई पायजे,” ती म्हणाली. “बाकी सारं हाय तसं राहू द्या.”

आज हे मागणं ऐकून कोणी वकील दचकणार नाही. आज त्यासाठी कायदा आहे. त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो, हात उचलू नकोस असा आदेश घेता येतो. तेव्हा यातलं काहीही नव्हतं. बाईनं आधी घर सोडावं, मग कायदा तिच्या मदतीला येईल, अशी एकूण रचना. ‘घरातच राहते, फक्त मारू नका’ एवढ्या साध्या मागणीला माझ्या कपाटातल्या एकाही पुस्तकात जागा नव्हती. मला भयंकर राग आला, आणि रागाच्या भरात मी पुन्हा सगळी पुस्तकं उपसली.

तेव्हा हाताला लागली ती चाप्टर केस. फौजदारी प्रक्रियेच्या एका चाप्टरमध्ये ही कलमं येतात, म्हणून हे नाव. कोणाकडून शांतता बिघडण्याची भीती असेल तर दंडाधिकारी त्याच्याकडून शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतो. पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीआधी पोलीस गल्लीतल्या दादा लोकांना धरून हेच करत. गुन्हा घडायची वाट पाहायची नाही, आधीच बांधून ठेवायचं. शेवंताला हवं होतं ते हेच होतं. हे काम बघणारे साहेब कोर्टातले जज नसत, महसूल खात्यातले अधिकारी असत. आमचे साहेब वर लिहिले तसे.

अडचण एकच होती. शांतता म्हणजे सार्वजनिक शांतता. घराचं दार लावून नवऱ्याने बायकोला मारलं तर सार्वजनिक काय बिघडलं, हा साहेबांचा प्रश्न होता. सीनियरना विचारलं तर ते म्हणाले, “बेटा, अर्ज मागे घे आणि पोहे खा.” मी पोहे खाल्ले आणि अर्ज तसाच ठेवला.

मग एका सकाळी मी शेवंताच्या गल्लीत गेले. गल्लीत शिरले आणि कानठळ्याच बसल्या. घराघरात माग. खटक-खटक, खटक-खटक, एकाची लय दुसऱ्यात मिसळलेली. शेवंताच्या ओट्यावर बसून आम्ही दोघी ओरडून बोलत होतो.

“रोज असंच?” मी विचारलं.

“दिवसभर! तो मले मारू लागला का बंद पडते.”

“काय बंद पडतं?”

“साऱ्यायचे माग. मंग गल्लीत माहाच आवाज ऐकू येते मले. मारापेक्षा त्याची लाज वाटते, बाई.”

“एरवी कधी बंद पडतात?”

“कोणी मेलं तं. तिरडी गल्लीबाहेर जाईस्तोर.”

परतताना रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, कुठे जायचं म्हणून. माझं लक्षच नव्हतं.

तारखेला वामनच्या वकिलाने साक्षीदार आणला तो महादेवजी. गल्लीतला सगळ्यात वडीलधारा माणूस. सोयरिकी याच्या शब्दावर जुळत आणि भांडणंही याच्याच ओट्यावर मिटत. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, ताठ कणा. त्याने ठणकावून सांगितलं, “वामन्या कामाचा माणूस हाय जी. नवरा-बायकोत भांड्याले भांडं लागतेच. घरचा मामला हाय, घरात मिटन.”

साहेबांनी माझ्याकडे ‘झालं ना समाधान’ अशा नजरेने पाहिलं. मी उलटतपासणीला उभी राहिले.

“महादेवजी, तुमचा माग रोज चालतो?”

“दिवस निंगाल्यापासून चालते.” म्हातारा खुलला. “गल्लीत पयला माग माहाच सुरू होते.”

“मध्येच कधी थांबवता?”

“काहून थांबवीन? गल्लीत मयत झाली तं थांबवतो. ते आमची रीत हाय.”

“आणि वामन शेवंताला मारतो तेव्हा?”

वामनचा वकील उठला. “ऑब्जेक्शन, सर. मागाचा इथे काय संबंध?” साहेबांनी त्याला हातानेच बसवलं. त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला होता.

महादेवजी आपल्या तळहातांकडे पाहू लागला. तो ‘नाही’ म्हणाला असता तर मी काही करू शकत नव्हते, दुसरा साक्षीदार माझ्याकडे नव्हता. शेवंताचा सगळा संसार त्या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर टांगलेला होता. पण बायकोच्या माराबद्दल सहज बोलून गेलेला तो माणूस आपल्या मागाबद्दल खोटं बोलायला धजेना.

“थांबते,” तो म्हणाला.

“तुमचा एकट्याचा?”

“साऱ्यायचा. हात चालत नाई, बाई. कोणाचाच नाई चालत.”

आता साहेबांनीच विचारलं, “मग तुम्ही लोक करता काय?”

“काई नाई करत जी. आयकत राह्यतो.” मग त्याचा आवाज खाली आला. “मांगच्या खेपेले माहा पोरगा दांडकं घेऊन निंगाला होता. म्हने, आज वामन्याचं डोस्कंच फोडतो. मीनं धरून ठेवलं त्याले.”

मी लगेच खाली बसले. वकिलाला बोलणं लवकर जमतं, वेळेवर बसणं जमायला वर्षं जातात. त्या दिवशी मला ते जमलं. सारी गल्ली हातातलं काम टाकते आणि शेजारचा तरुण डोकं फोडायला निघतो, याहून सार्वजनिक शांतता आणखी काय बिघडायची? साहेबांनी स्वतःच्या हाताने ते वाक्य लिहून घेतलं. दाराशी उभी असलेली शेवंता पदर तोंडात धरून रडत होती. मलाही रडू आलं. कोट झटकायच्या निमित्ताने मी भिंतीकडे तोंड केलं.

आदेश झाला. वामनने एक वर्ष शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून द्यावं, आणि त्याच गल्लीतला एक जामीनदार आणावा. म्हणजे याने हात उचलला तर दंड जामीनदारानेही भरायचा. जामीनदार मिळाला नाही तर वामनने तुरुंगात जायचं.

व्हरांड्यात वामनच्या बाजूने आलेली पाच-सहा माणसं उभी होती. सकाळपासून त्याचे गुण गात होती. जामीन म्हटल्याबरोबर एकाला गाडी पकडायची आठवण झाली, दुसऱ्याला पोट दुखायला लागलं. वामन रडकुंडीला आला.

“आन तो कागद,” महादेवजी म्हणाला.

“काका, विचार करा,” वामनचा वकील म्हणाला.

“मीच म्हनलं ना साहेबाले, चांगला माणूस हाय म्हनून? आता सही नाई केली तं मी खोटा ठरतो.” त्याने सावकाश सही केली आणि वामनकडे वळला. “ध्यानात ठेवजो गा. आता तिले हात लावला तं दंड माह्या घरावर येईन.”

ते वर्ष मजेत गेलं, असं मी म्हणणार नाही. वामनची दारू सुटली नाही. पण महादेवजी रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर येऊन बसू लागला. सुपारी कातरत बसायचा. घरात आवाज चढला की बाहेरून खाकरायचा. शेवंता अधूनमधून सांगायला यायची. एकदा हसत हसत म्हणाली, “बाई, माह्या सासऱ्यानंबी माही एवढी कायजी नाई घेतली कधी.” तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. अंगठ्याची सूज कधीच उतरली होती.

वर्ष संपलं आणि एका दुपारी महादेवजी स्वतः माझ्या ऑफिसात आला.

“बाई, माह्या सहीची मुदत सरली म्हनते कोर्टातला कारकून. पुन्हा सही कराले आलो.”

“तशी करता येत नाही, महादेवजी. पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी. आणि त्यासाठी वामनने पुन्हा काहीतरी करायला हवं.”

“म्हंजे पयले तिनं मार खावा, मंग मी सही कराची?”

“कायदा तसाच आहे,” मी म्हटलं. मला म्हणताना लाज वाटली.

म्हाताऱ्याने टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाला, “वामन्याले हे मालूम नाई. त्याले वाटते का तो कागद जलमभराचा हाय. तुमी सांगसान का त्याले?”

“मी त्याची वकील नाही.”

“मंग मीबी नाई सांगत.” तो उठला. “चलतो बाई. सांज होऊन राह्यली, त्याच्या ओट्यावर जाऊन बसाचं हाय.”

वामनने कोणाला कधीच विचारलं नाही. शेवंता त्याच घरात राहिली. महादेवजी पुढची कितीतरी वर्षं, कोणत्याही कागदाशिवाय, जामीनदार होता.

पुढे चांगले कायदे आले. येऊ द्या, यायलाच हवे होते. आता माझे ज्युनिअर संरक्षणाचा आदेश मिळवून पेढे घेऊन येतात. मी आदेश वाचते, पेढा खाते आणि विचारते, “हिच्या शेजारी कोण राहतं?” ते एकमेकांकडे बघतात. मॅडम आता थकल्या, असं त्यांना वाटत असावं. मी म्हणते, “जा, बघून या. मग दुसरा पेढा.”