कोरडी चिंधी

इसोगाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेच्या संगीत मेळाव्यात, १९८७ च्या शरदात. त्यांची साचिए दुसऱ्या रांगेत क्लॅरिनेट वाजवत होती. हे गृहस्थ मात्र कारखान्याच्या राखाडी कपड्यांत, टोपी छातीशी धरून, मागच्या ट्रॉम्बोनवाल्या मुलाकडे एकटक बघत होते. त्याचा हात पुढे गेला की यांची मान पुढे, मागे आला की मागे. कार्यक्रम संपल्यावर साचिए तरातरा आली.

"बाबा, मी इकडे बसले होते. तुम्ही माझे बाबा की त्याचे?"

"अगं, त्याच्या वाद्याची नळी लांब-आखूड होते! आम्ही तेच करतोय, फक्त..." ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही विज्ञान शिकवता ना?"

"बाई, आता तुमची सुटका नाही," साचिए म्हणाली.

खरंच झाली नाही. आमच्या हामामात्सू शहरात निम्म्या मुलांचे वडील वाद्यांच्या कारखान्यात, निम्म्यांचे इंजिनांच्या. पण इंजिनाचा श्वास मला कुणी समजावला नव्हता. तो इसोगाईंनी शाळेच्या दारातल्या बुटांच्या कपाटांपाशी उभं राहून अर्धा तास समजावला.

इंजिन हवा नळीतून ओढतं. नळीतल्या हवेला स्वतःचा झोका असतो. इंजिन सावकाश फिरत असेल तेव्हा लांब नळीतला झोका वेळेवर इंजिनाच्या दारात पोचतो आणि थोडी जास्तीची हवा आत ढकलतो. वेग वाढला की आखूड नळी हवी. म्हणून त्यांच्या विभागाने ॲल्युमिनियमच्या एका पेटीत हवेला दोन वाटा केल्या होत्या, एक लांबची, एक जवळची. मधे झडप. ठरलेल्या वेगाला झडप उघडायची आणि हवा जवळच्या वाटेने जायची.

"आणि शेजारचा विभाग," त्यांनी आवाज खाली आणला, "नळीला हातच लावत नाही. ते इंजिनाचं दार, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडायची वेळ बदलतात. तेलाच्या दाबाने दांडा जरासा फिरवला की व्हॉल्व्ह लवकर उघडतो, सोडला की उशिरा."

"मग चांगलं कोणतं?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही. मोजायचं काम माझ्याकडे आहे."

नव्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनासाठी दोन्हींतली एकच रचना घ्यायची होती. नळीची पेटी ओकाबे नावाच्या विभागप्रमुखांची. अकरा वर्षं त्यांनी तिच्यात घातली होती. इसोगाई अठराव्या वर्षी कारखान्यात आले तेव्हा पाना कसा धरायचा हे ओकाबेंनीच शिकवलं. पुढे लग्नही त्यांनीच जमवलं. म्हणजे शिष्याने गुरूची परीक्षा घ्यायची होती. मी तसं म्हटल्यावर इसोगाई हसले. "म्हणून तर मला दिलीय, बाई. मी खोटं मोजणार नाही एवढं दोन्हीकडच्यांना पटलंय."

जानेवारीत चाचण्या झाल्या. मंगळवारी नळीची, गुरुवारी व्हॉल्व्हची. नळीवाल्या इंजिनाची ताकद झडप उघडताना क्षणभर खचायची. व्हॉल्व्हवालं उभ्या जागी जरा थरथरायचं. बाकी सगळीकडे दोन्ही बरोबरीला होती. निकाल लागला तो वेगाच्या वरच्या टोकाला, दोन हॉर्सपॉवरच्या फरकाने. व्हॉल्व्हवाले जिंकले.

अहवालावर सात जणांचे मंजुरीचे लाल गोल शिक्के पडायचे होते. त्यात ओकाबेंचाही. शेजारच्या विभागाचे प्रमुख म्हणाले, "ओकाबेसान, पुन्हा एकदा मोजायला लावायचं असेल तर आमची ना नाही." ओकाबेंनी कागद वाचलासुद्धा नाही. "इसोगाईने मोजलंय ना? मग झालं," म्हणाले आणि शिक्का उठवला.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, शाळा सुटल्यावर, इसोगाई मैदानाच्या कोपऱ्यातल्या हवामानाच्या पांढऱ्या पेटीपाशी उभे दिसले. पेटीत दोन थर्मामीटर असतात. एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळलेली असते, तिचं टोक पाण्याच्या वाटीत. चिंधी सुकताना त्याचा पारा खाली येतो आणि दोघांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो.

"बाई, ही चिंधी तुम्ही कधी बदलता?"

"महिन्याने. पण या दिवसांत पाणी मात्र रोज. आपला वारा माहितीय ना तुम्हाला!" डोंगराकडून येणारा आमच्याकडचा हिवाळी वारा एवढा कोरडा, की दोरीवरचे मोजे तासात कडक होतात.

"आणि ती सुकली तर?"

"तर दोन्ही पारे जवळजवळ सारखे. हवा दमट आहे असं दाखवणार."

त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "चौदा जानेवारीची तुमच्या मुलांची नोंद बघता येईल?"

वही आणली. मुलांच्या गिचमिड अक्षरात दमटपणा होता एकतीस टक्के. इसोगाईंनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर त्यांच्याच सुबक अक्षरात होतं, अठ्ठ्याऐंशी.

तो गुरुवार होता. मोठ्या चाचणीआधी चाचणी-खोलीची जमीन पाण्याने धुऊन काढायची हा त्यांचा शिरस्ता. आकडा चढा दिसला तेव्हा त्यांना वाटलं, जमीन ओली आहे म्हणून असेल. तिथल्या थर्मामीटरची चिंधी पाहायचं सुचलंच नाही. आज ती पाहिली तर वाळलेल्या नूडल्ससारखी कडक झालेली; मंगळवारच्या चाचणीनंतर तिला पाणीच मिळालं नव्हतं. दमट हवेत इंजिन कमी ताकद देतं, म्हणून हिशोबात तेवढी ताकद वाढवून धरतात. व्हॉल्व्हवाल्या इंजिनाला नसलेल्या दमटपणाची तीन हॉर्सपॉवर फुकट मिळाली होती.

"म्हणजे नळी एकाने पुढे होती," मी म्हटलं.

"हो."

"मग सांगायला हवं, इसोगाईसान."

"सांगायलाच हवं." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "सात शिक्के आहेत, बाई. सातही जणांना वाकून सांगायचं, की मी चिंधी भिजवली नाही."

तेव्हा मी त्यांना हाताला धरून ओकाबेंकडे न्यायला हवं होतं. पण मी वही मिटली आणि म्हटलं, "विचार करा." माणूस विचार करायला लागला की दिवस जातात.

शुक्रवारी कारखान्यात ओकाबेंनी नळीच्या पेटीचे लाकडी साचे अंगणात काढले. आता त्यांचा उपयोग नव्हता आणि कपाटं रिकामी करून हवी होती. साचे त्यांनी स्वतःच करवतीने कापायला घेतले.

"ये रे, दुसरं टोक धर," त्यांनी इसोगाईंना हाक मारली. "आणि तोंड कसलं पाडलंयस? अकरा वर्षं माझी गेलीत, तुझी नाही."

इसोगाईंनी टोक धरलं. पाचही साचे कापून होईपर्यंत धरलं. शब्द तोंडाशी आले होते, असं त्यांनी नंतर मला सांगितलं, पण प्रत्येक तुकडा पडला की ओकाबे म्हणत, "चांगलं लाकूड, नाही?" आणि हे म्हणत, "हो."

रविवारी स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन ते ओकाबेंच्या घरी गेले. दारातच जमिनीला डोकं टेकून सगळं सांगितलं. ओकाबेंनी मधे एकदाही अडवलं नाही.

"एका हॉर्सपॉवरने जिंकलो होतो म्हणजे," ते म्हणाले. आणि हसलेसुद्धा. "चिंधी माझ्याकडूनही सुकली असती. त्याचं काही नाही." मग विचारलं, "कळलं कधी तुला?"

"बुधवारी."

"म्हणजे शुक्रवारी माहीत होतं."

"हो."

ओकाबे उठून आत गेले. त्यांच्या पत्नीने स्ट्रॉबेरीची पेटी तशीच दाराबाहेर आणून ठेवली.

सोमवारी इसोगाईंनी वरिष्ठांना लेखी कळवलं. तो कागद कुणाच्या तरी खणात गेला. गाडी व्हॉल्व्हच्या रचनेनेच बाजारात आली आणि चांगली चालली. ओकाबे वसंतात निवृत्त झाले. इसोगाईंनी चाचणी-खोली सोडून सुट्या भागांच्या कोठारात बदली मागून घेतली आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. दर नववर्षाला ते ओकाबेंना शुभेच्छांचं कार्ड पाठवत. उत्तर आलं नाही. दहाव्या वर्षी डिसेंबरात काळ्या कडेचं कार्ड आलं: घरात मृत्यू झाला आहे, यंदा शुभेच्छा पाठवू नयेत. खाली ओकाबेंच्या पत्नीचं नाव.

पुढे साचिएच्या नवऱ्याने हौसेने तीच गाडी जुनी विकत घेतली. "बाबा, बसा ना पुढे," ती म्हणते. "इंजिन तुम्हीच मोजलंय." ते म्हणतात, "मी आपला बसने येतो." तिला वाटतं, बाबांना जावयाच्या ड्रायव्हिंगची भीती वाटते. मी कधी सांगितलं नाही.

माझ्या निवृत्तीलाही आता वीस वर्षं झाली. हवामानाची वही शाळेने केव्हाच बंद केली, पेटी मात्र मैदानात आहे. इसोगाई आज शहात्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी सात वाजता ते सायकलवरून येतात, फाटकावरच्या शिपायाला नमस्कार करतात, पेटी उघडून वाटीत पाणी घालतात आणि चिंधी ओली आहे ना, ते बोटांनी दाबून बघतात.