परबच्या पेट्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मीनलला, अर्धं ठाऊक आहे, पण तिनेही कधी विषय काढला नाही. आणि विषय तरी काय — तर स्पीकरचा बेस. हसू येईल तुम्हाला. येऊ द्या.

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईत, करामाला राहायचो. हौसेने स्टिरिओ घेतला, पण स्पीकर म्हणजे प्लॅस्टिकचे पोकळ डबे. तबला लावला तरी कुणी पत्र्यावर टिचक्या मारतंय असं वाटायचं. बेसचं बटण पार पिळून झालं, स्पीकर कोपऱ्यात सरकवून झाले, खाली विटा ठेवून झाल्या. नुसती चिडचिड! शेवटी कुणीतरी परबचं नाव सांगितलं. हा कणकवलीकडचा सुतार, रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर पॅकिंगची खोकी ठोकायचा. त्याने जाड प्लायच्या दोन पेट्या केल्या, सांधे सरसाने बुजवले, आत जुनी गोधडी कापून लावली आणि माझेच स्पीकर त्यांत बसवले. डग्ग्याचा घुमारा काय असतो ते मला त्या दिवशी कळलं.

माझा मित्र पटवर्धन एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मॅनेजर होता. त्याला स्पीकरच्या कामाला माणूस हवा होता. मीच म्हटलं, पुढच्या शुक्रवारी ये, परबचं काम ऐक. परबला खोकी ठोकण्यातून सुटायचा तो एकच रस्ता होता — नव्या व्हिसासकट. हे मला पक्कं माहीत होतं.

मध्ये दीड दिवसाचे गणपती आले. मखराला नेमकी स्पीकरचीच भिंत हवी, म्हणून मी वायरी ओढून काढल्या आणि विसर्जनानंतर घाईघाईत परत खोचल्या. मग शुक्रवारपर्यंत ऑफिसच्या गडबडीत स्टिरिओ लावलाच नाही.

शुक्रवारी पटवर्धन सोफ्यावर. परब इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी — बस म्हटलं तरी बसेना. मी गाणं लावलं. डग्गा गायब. आवाज चिरका, कुठून येतोय तेही कळेना. परबचा चेहरा उतरला. पेटीवर हात ठेवून त्याने एवढंच विचारलं, "साहेब, मधी वायरी काढलेल्या काय?"

आता मी इलेक्ट्रिकल इंजिनीयर. त्याने विचारताक्षणीच मला शंका आली होती, खोटं कशाला बोलू? पण एका सुताराने माझ्या घरात, माझ्या मित्रासमोर, मला वायरी शिकवाव्या? "मी हातही नाही लावला," मी म्हणालो, "तुझं लाकूडच फुगलं असेल या दमट हवेत." मीनल चहा घेऊन आली होती. मखर लावताना तीच माझ्या मदतीला होती. तिने माझ्याकडे पाहिलं, ट्रे ठेवला आणि आत गेली. पटवर्धन चहा संपवून उठला. "बघू या, इन्शाल्ला." याचा अर्थ परबलाही कळत होता.

ते गेल्यावर मी मागे वाकून पाहिलं. एका स्पीकरची वायर उलटी — प्लसच्या जागी मायनस. दोन स्पीकर एकमेकांचा बेस खात होते. दोन मिनिटांत सरळ केली आणि डग्गा पहिल्यासारखा घुमला. पटवर्धनला एक फोन, बस. केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानंतर तर कुठल्या तोंडाने करणार होतो? पुढे त्याने दुसराच माणूस ठेवला.

महिन्याभराने, संध्याकाळी, परबने खालच्या बूथवरून फोन केला — वर येऊ का? मी गाणं ऐकत होतो. तो वर यायच्या आत स्टिरिओ बंद केला, मग दार उघडलं. त्याच्या काखेत नव्या प्लायचे तुकडे. फुजैराला, बंदराच्या साइटवर चालला होता. "तुमचा काम माझ्याकडून बिघडला साहेब, मनाला लागून राहिलंय. जायच्या आधी पेट्या नव्या करून देतो."

"राहू दे रे," मी म्हणालो, "आता सवय झाली."

त्याने दोनदा माफी मागितली. मी ती दोन्ही वेळा ऐकून घेतली. तो जिना उतरून गेला, आणि मी गाणं पुन्हा लावलं.