वीसच्या भांड्यात एकोणीस लिटर

मृदुला पीएचडीसाठी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला आली आणि तिथलीच झाली. आता ती एका दूध कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. घरी बिअर करायला तिला शिकवलं ते खालच्या मजल्यावरच्या खेर्ट आजोबांनी. आजोबा निवृत्त बसचालक. गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात लुळा पडला. पंचाहत्तरीला पाहुण्यांना घरची बिअर पाजायची, ही त्यांची हौस राहून जाणार होती. "मी करते," असं मृदुला बोलून गेली आणि तिच्या जिवाला घोर लागला.

पहिला प्रश्न भांड्याचा. आजोबा म्हणाले, "माझा बिअर आंबवायचा तीस लिटरचा फर्मेंटर ने. वर फेसाला जागा लागते."

पण भरल्यावर तो तिला एकटीला जागचा हलला नसता. दहा लिटरच्यात चाळीस पाहुण्यांचं भागलं नसतं. शेवटी तिने वीसचा आणला आणि बिअर कमी पडेल या धास्तीने त्यात एकोणीस लिटर भरली. आजोबांना मात्र हे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भांडं ठेवलेल्या कपाटातून फुसफुस ऐकू आली. झाकणावरची हवा सोडणारी नळी फेसाने चोंदली होती आणि झाकण टम्म फुगलं होतं. ती तशीच खाली धावली.

"किती भरलीस?" आजोबांनी विचारलं.

"एकोणीस."

"नळी हळूच काढ. तोंड बाजूला ठेव. मग तिथे जाड रबरी नळी लाव आणि तिचं दुसरं टोक पाण्यात बुडव."

नळी निघताच फेसाचा फवारा थेट छताला लागला. मृदुला नखशिखांत भिजली. जवळजवळ तीन लिटर बिअर वाया गेली, पण भांडं वाचलं.

पुढे तीन आठवडे एकच काळजी: त्या गडबडीत भलते जंतू तर शिरले नसतील? रोज दुसऱ्यांचं दूध तपासणारी ती, स्वतःच्या बिअरचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला धजेना.

वाढदिवसाला आजोबांनी डाव्या हाताने पहिला ग्लास उचलला. मृदुला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.

"जरा कडू झालीय," ते म्हणाले. "माझीही व्हायची."

चार वाजताच बिअर संपली, तरी कुणी उठेना. "पुढची माझ्या स्वयंपाकघरात लावू," आजोबा म्हणाले. "उचलायला नको, मी बसून लक्ष ठेवीन."

मृदुलाने मान डोलावली आणि दुपारपासून पहिल्यांदाच खुर्चीत टेकली.