साहेबांकडे पाठ

परवा ऑफिसच्या सहलीत लाइफ जॅकेट घातलं आणि तोच ओला, कुबट वास नाकात शिरला. दहाएक वर्षांपूर्वी सेंगकांगच्या नदीवर अशाच सहलीत माझ्या वाट्याला दोघांची कयाक आली होती. मागच्या सीटवर आमचे सबनीस साहेब. इथे परदेशात नोकरी करायचा माझा परवाना, म्हणजे वर्क पास, वाढवायचा की नाही, हे त्यांच्याच हातात. अशा माणसाकडे पाठ करून कसं बसायचं? साताऱ्याचे संस्कार आडवे आले. मी त्यांच्याकडे तोंड करून बसलो.

दोघांनी जीव तोडून वल्ही मारली. कयाक जागची हलेना.

"अरे, जोर लाव!" साहेब ओरडले.

"लावतोय, सर!" मी आणखी जोर लावला.

काठावरची ट्रेनर मुलगी हसून हसून खाली बसली आणि इथल्या ढंगाच्या इंग्रजीत मला ओरडली, पुढे तोंड कर! "फेस फ्रंट लाह!"

साहेबांनी वल्हं मांडीवर ठेवलं. "ऑफिसातही आपलं हेच चाललंय, नाही?" म्हणाले. दोघं असे हसलो की कयाक उलटली.

परवा मागच्या सीटवर मी होतो. पुढचा मुलगा बिनधास्त पाठ करून बसला आणि कयाक सुसाट सुटली. मला राग आला असं नाही. पण एकदा वळून बघायला काय जात होतं त्याचं?