वरातीची घोडी आमच्या दारात

मी बारा वर्षांची असताना कर्जतला नदीकाठच्या माळावर उन्हाळ्याच्या सुट्टीत घोडेस्वारीचं शिबिर भरलं. लढाईवरून परतलेले घोडदळातले एक रिसालदार शाळेतल्या मुलांना शिकवणार होते. मुली आम्ही दोघीच. वडिलांचा साफ नकार. म्हणाले, "घोडीवर नवरदेव बसतो. पोरीचं तिथं काय काम?"

माझी आई मी रांगत असतानाच गेली. मला वाढवलं आत्यानं, वडिलांच्या धाकट्या बहिणीनं. कळायच्या आत तिचं लग्न झालं आणि कळायच्या आत कुंकूही पुसलं गेलं. तेव्हापासून ती कर्जतला लागूनच असलेल्या भिसेगावात आमच्याकडेच. स्वतःसाठी कधी चकार शब्द न काढणारी ही बाई माझ्यासाठी वडिलांच्या हात धुऊन मागे लागली. जुन्या चादरीची विजारही तिनंच शिवली. अखेर वडील वैतागले. "जा. पन माळावरच. गावात घोडीवर दिसलीस, तर शिबिर बंद."

माझ्या वाट्याला आलेली घोडी एरवी वरातीला जायची. स्वभावानं गरीब गाय, पण हट्टाला माझ्यावर ताण. तरी आमचं बरं जमलं होतं.

एका सकाळी आमच्या शेजारी लग्नाचं वाजाप सुरू झालं आणि माळापर्यंत ऐकू आलं. झालं! लगाम ओढून माझे तळवे सोलले, पण ही बया थांबते कसली. थेट भिसेगावात. मांडव आमच्या अंगणापर्यंत घातलेला. त्यात ती डौलात शिरली आणि आमच्याच पायरीशी उभी राहिली. ओटीवर वडील. माझी पाचावर धारण बसली. संपलं आपलं शिबिर, एवढंच मनात आलं.

मांडवातल्या बायका हसून हसून बेजार. वरात दारात आली की सवाष्णीनं घोडीच्या पायांवर पाणी घालायचं, तिला गूळ भरवायचा. त्याशिवाय ही ढिम्म हलणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक. शेजारच्या काकू तांब्या घेऊन उठल्यासुद्धा.

"थांबा वैनी," वडील म्हणाले. "आमच्या दारात आलीय, आमच्या घरातली बाई पानी घालंल." मग दाराआड उभ्या असलेल्या आत्याकडे वळून म्हणाले, "ये गं बाहेर."

"मी? दादा, लोकं काय म्हनतील? माजा हात चालत नाय रं."

"माजी पोर त्याच हातानं वाढलीय. ये."

आत्या तांब्या घेऊन आली. अर्धं पाणी घोडीच्या पायांवर आणि अर्धं तिच्या स्वतःच्या. गूळ भरवून झाला तशी तिनं घोडीच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडली. मला तिची इतकी माया आली, की शिबिराचं विसरूनच गेले. वरून नुसती तिच्या डोक्यावरचा पदर चाचपत राहिले. एक बाई काहीतरी पुटपुटली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, तशी गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत विजार चढवली. वडील दाढी करत होते. आरशातून नजर न काढता म्हणाले, "घोडी रोज दारावरनंच ने. तुजी आत्या गूळ काढून बसलीय."